चटका कळतो, जमीन कळत नाही

आमच्या आप्पांची एक चप्पल कायम हरवलेली असायची. दोन्ही नाही, एकच. सकाळी जोड घालून दुकानी जायचे आणि दुपारी जेवायला यायचे ते एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला गंजातली धूळ घेऊन. “आप्पा, दुसरी कुठाय?” म्हटलं की ते आधी पायाकडे बघत, मग आमच्याकडे, आणि त्या बघण्यात सरळ आरोप असे की ती आम्हीच लपवली. पायातून चप्पल निघून गेली हे त्यांना खरंच कळलेलं नसायचं. गंजातले हमाल ती ओळखून घरी आणून देत आणि आई त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडत नसे.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. आमचं घर लिंगायतांचं, लातूरचं. गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आप्पांची आडत होती. थोरल्या बहिणीला हदगावला दिलेली, मी औरंगाबादला डॉक्टरकी शिकत होते, त्यामुळे घरात ही दोघंच आणि त्यांची भांडणं. भांडण म्हणजे आप्पा बोलत राहायचे आणि अव्वा पुढचं काम काढून बसायची.

लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. साध्या दाखल्यासाठी उस्मानाबादला हेलपाटे घालून वैतागलेलं गाव त्या वर्षी नुसतं हवेत होतं. जो तो ‘आता आपण जिल्ह्याचं ठिकाण’ असं म्हणत छाती काढून हिंडे. आप्पांनी तर सरकारी हुकूम निघायच्या आधीच दुकानाच्या पाटीवरचं ‘उस्मानाबाद’ पुसून घेतलं. तिथे काय लिहायचं ते अजून ठरायचं होतं, म्हणून कितीतरी दिवस पाटीवर दुकानाचं नाव, मग गाव, मग नुसतंच ‘जि.’ असं होतं. गिऱ्हाइकं हसत, पण आप्पांना त्याचं काही वाटत नसे.

पावसानं मात्र नव्या जिल्ह्याचा मान ठेवला नाही. मृगात तोंड दाखवून तो जो गेला तो गेलाच. ओट्यावर बसलेली माणसं “बहात्तरसारखं व्हायलंय बगा” असं म्हणायला लागली. बहात्तरचं नाव निघालं की आप्पा गप्प होत, कारण त्या दुष्काळाशी त्यांचा खाजगी व्यवहार होता.

बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते. रस्त्याच्या कडेला उन्हात बसून बायका खडी फोडत होत्या एवढं मला आठवतं. आप्पांची स्वतःची कोठारं भरलेली होती आणि त्याची त्यांना टोचणी लागली असावी. त्या उन्हाळ्यात ते महादेवाच्या देवळात गेले आणि देवाशी करार करून आले. नवस नव्हे, करार. नवसात देव आधी देतो आणि आपण मागून फेडतो. आप्पा व्यापारी होते, त्यांनी उलट केलं आणि स्वतःकडचं आधी देऊन टाकलं. आजपासून दूध, दही, ताक, तूप बंद. आता तू पाऊस पाठव.

पुढच्या साली पाऊस आला. दुसरा कुणी असता तर त्या दिवशी वाटीभर खीर खाऊन मोकळा झाला असता. आप्पा म्हणाले, “त्यानं त्याचं पाळलं. आता मी मोडू व्हय?” झालं, करार चालूच राहिला. मराठवाड्याचा सगळा पाऊस आपल्या एका गिलासावर टेकून उभा आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. आम्ही चेष्टा केली तर शांतपणे विचारायचे, “आन् मोडलं, आन् पाऊस गेला, तर लोकाला काय सांगू?” अव्वा तर त्या विषयात तोंडच घालत नसे. त्यांच्या ताटात ताक वाढायचं तिनं बंद केलं आणि तेलाची फोडणी जास्त द्यायला लागली.

चपलेचा घोळ सुरू झाला त्याच्या आगेमागे आणखीही काही गोष्टी व्हायला लागल्या होत्या. न्हाणीत तोंडावर पाणी घेताना आप्पा डोळे मिटायचे आणि भिंतीवर जाऊन आदळायचे. संध्याकाळी लाइट गेली तर जिथे असतील तिथेच खाली बसत आणि म्हणत, “यिऊ द्या लाइट, मग उठू.” चालताना पाय आपटत आणि नजर सतत जमिनीवर. गावाला वाटलं, जिल्हा झाल्यापासून आप्पा नम्र झाले. मी सुट्टीत आले की हे सगळं बघायची आणि वय झालं म्हणून सोडून द्यायची. वय काही फार नव्हतं, पन्नाशी नुकती ओलांडलेली.

पायांत काहीतरी बिघडलंय हे भावकीच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी ते आमच्या रिवाजाप्रमाणे तपासलं. औशाकडच्या एका गावात वीरभद्राची जत्रा भरते. तिथे रसरशीत इंगळांचा खड्डा करतात आणि ज्यांचा नेम असेल ते त्यावरून चालत जातात. आप्पांचा नेम होता. त्या वर्षी अव्वानं नको म्हटलं. तर भावकीतले एक म्हातारे म्हणाले, “चालू दे की. पाय मेले असले तर चटका कळायचा न्हाई. कळला तर जित्ते हायेत. आणिक डॉक्टर कशाला पाहिजे?” हा युक्तिवाद सगळ्यांना इतका पटला की अव्वाचं म्हणणं तिथेच विरलं.

आप्पा इंगळावरून गेले. खाली बघत, एकेक पाऊल नजरेनं टाकत गेले. मध्यावर आले आणि “शिवा शिवा” करत उरलेलं अंतर उड्या मारत पार केलं. टाचेला चांगला फोड आला. पलीकडे उभ्या असलेल्या माणसांना कोण आनंद झाला. चटका बसला, चटका बसला, असं एकमेकांना सांगत त्यांनी आप्पांना नारळ दिला. घरी आल्यावर तो फोड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवणं हा आप्पांचा आठवडाभराचा उद्योग होता. पाय ठणठणीत, असा निकाल लागला.

माझा आजही या म्हाताऱ्यावर राग नाही. गावातल्या एका डॉक्टरांनीही पुढे तेच केलं, फक्त इंगळाऐवजी टाचणी वापरली. टोचली, आप्पा ओरडले, डॉक्टर म्हणाले नसा चांगल्या आहेत, अशक्तपणा आहे, ताकदीची इंजेक्शनं घ्या. इंजेक्शन कशाचं, असं आप्पांनी विचारलं. कंपाउंडरनं खोक्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि ‘लिव्हर’ म्हणजे काळीज, असं समजावूनही सांगितलं. प्राण्याचं काळीज आपल्या दंडात जाणार हे ऐकून आप्पा वर घेतलेली बाही तशीच ठेवून घरी चालत आले. त्या इंजेक्शनानं कदाचित उपयोग झाला असता. पण आमच्या घरात कांद्याच्या चाकूनं अंडं कापलं तर चाकू फेकून देतात, तिथे काळजाची काय कथा.

मग तो सत्काराचा प्रसंग झाला. नवा जिल्हा झाल्याच्या आनंदात गंजातल्या व्यापाऱ्यांनी एका साहेबांचा सत्कार ठेवला. मंडप, हार, पेढ्यांची ताटं. सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून डोळे मिटून प्रार्थना करायची होती. आप्पा पुढच्या रांगेत, पाय जुळवून उभे राहिले आणि डोळे मिटले. प्रार्थनेचं दुसरं कडवं लागायच्या आत ते आधी डावीकडे, मग उजवीकडे झुलले आणि सरळ पेढ्यांच्या टेबलावर कोसळले. त्या साहेबांच्या अंगावर ताट उपडं झालं. आप्पांनी डोळे उघडले आणि त्याच क्षणी नीट उभे राहिले, जसं काही झालंच नाही. तेच लोकांना खटकलं.

गावात बातमी पसरली की आप्पा पितात. ज्या माणसानं दहा वर्षं ताकसुद्धा पिलं नव्हतं तो पितो. कुणी तोंडावर बोललं नाही, पण दुकानातली बैठक पातळ झाली. मठात त्यांना पुढे बसायला बोलवत ते बंद झालं. आप्पांनी फक्त देवळात जायची वेळ बदलली.

मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं. अव्वानं मला स्वयंपाकघरात बसवलं, सगळं सांगितलं आणि विचारलं, “तू एवढं शिकायलीस. मला येवढंच सांग, चटका कळतो आन् चप्पल कळत न्हाई, हे कसं?”

आता गंमत बघा. त्याच सत्रात आम्हाला मज्जारज्जू शिकवला होता. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या त्या दोरीची आडवी चकती फळ्यावर काढून आमच्या सरांनी रंगीत खडूनं तिच्या वाटा रंगवल्या होत्या, आणि मी वर्गात बसून वहीच्या कोपऱ्यात बांगड्या काढत होते. परीक्षेपुरतं पाठ केलं होतं, तेवढं मात्र लख्ख आठवत होतं. अव्वाच्या एका प्रश्नानं त्या चकतीला पाय फुटले. मी तिला विचारलं, “लातूरहून नांदेडला गाड्या कशा जातात?”

“एक अहमदपूर-लोह्यावरून. एक उदगीर-मुखेडवरून.” माहेर नांदेडचं, तिला पाठ होतं.

“तसंच हाय. पायाची खबर डोक्यात जायला कण्यातून दोन रस्ते हायेत. दुखणं, चटका, गार-गरम, ही खबर कण्यात शिरली की लगेच बाजू बदलते आणि पलीकडून, पुढच्या अंगानं, वर चढते. ती मुखेडची गाडी. पाय कुठाय, जमीन लागली का, चप्पल हाय का गेली, ही खबर बाजू न बदलता पाठीमागच्या अंगानं सरळ वर जाते आणि पार मानेच्या वर पोचल्यावर बाजू बदलते. ती लोह्याची. आता लोह्याचा रस्ता खचला तर काय होईल?”

“लोह्याची गाडी यायची न्हाई.”

“आणि मुखेडची?”

“ती यील की.”

“मग स्टँडवर बसलेल्या मामाला वाटणार, गाड्या चालू हायेत, सगळं बरं हाय. आप्पांचं तसं झालंय. डोळ्यानं बघून भागवतात, डोळे मिटले की पडतात. तुम्ही इंगळावर चालवलं, डॉक्टरनं टाचणी टोचली, सगळ्यांनी मुखेडचाच रस्ता तपासला. तो चांगलाच हाय.”

अव्वानं चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, “बरं. मग लोह्याचा दुरुस्त कर.”

मी माझ्या पिशवीतला चिमटा काढला. चिमटा म्हणजे दोन पायांचा पोलादी फोर्क. हातावर आपटला की घुमतो, आणि त्याची दांडी हाडावर टेकवली की थरथर कळते. आप्पांच्या मनगटावर टेकवला तर ते म्हणाले, “व्हय, भुंगा धरल्यावानी लागतंय.” गुडघ्यावर टेकवला तर म्हणाले थोडं थोडं. घोट्यावर टेकवला आणि ते माझ्या तोंडाकडे बघत बसले. मग त्यांना डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा धरला आणि खाली वाकवला.

“अंगठा वर हाय का खाली?”

“वर.”

“आप्पा, खाली हाय.”

“वरच हाय. माझा अंगठा हाय, मला ठाऊक नसंल?” डोळे उघडून बघितल्यावरही त्यांना संशय होता की मी शेवटच्या क्षणी हातचलाखी केली.

रस्ता कुठे खचलाय ते मला कळलं, पण कशानं खचला ते काही सुचेना. लातुरात दाखवायचं तर चर्चा आणखी वाढली असती. म्हणून नांदेडला मामाकडे जायचं ठरलं. मामाच्या ओळखीचे एक वयस्क डॉक्टर होते. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो, अहमदपूर-लोह्याच्या. आप्पा खिडकीतून सुकलेली ज्वारी बघत होते आणि मध्येच अव्वाला म्हणाले, “रस्ता तर चांगला हाय की गं लोह्याचा.” म्हणजे स्वयंपाकघरातलं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

डॉक्टरांनी टाचणी काढलीच नाही. त्यांनी आधी आप्पांना जीभ दाखवायला सांगितली. जीभ लालभडक आणि गुळगुळीत होती. मग विचारलं, “मांस-मच्छी?”

“शिव शिव.”

“अंडी?” आप्पांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

“दूध-दही तरी घेता ना?”

“सोडलंय.”

“कधीपासून?”

“दुष्काळापासून.”

“यंदाच्या?”

“बहात्तरच्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश समजावून सांगितलं. बी-बारा नावाचं एक जीवनसत्त्व असतं, ते झाडपाल्यात नसतं. मांस खाणाऱ्याला मांसातून मिळतं, शाकाहारी माणसाला दुधातून, आणि आप्पांनी ते दारही लावून घेतलं होतं. अंगातला जुना साठा कैक वर्षं पुरतो, मग संपतो. संपला की कण्याच्या पाठीमागच्या पट्ट्यातल्या तंतूंवरचं वेष्टण झिजायला लागतं. दुखण्याची वाट त्यातून बचावते. म्हणून चटका कळतो, जमीन कळत नाही.

“आता नीट ऐका,” डॉक्टर म्हणाले. “आज इलाज सुरू केला तर पाय बरेचसे परत येतील. असेच काही महिने काढले तर ते ताठ होतील, आणि मग मी काय, कुणीच काही करू शकणार नाही. खाटेवर पडून राहाल.”

बापाचे पाय जायचे की राहायचे हे आता त्याच्याच हातात होतं, आणि त्याचा स्वभाव मला माहीत होता.

“घरात आणखी कुणी दूध सोडलंय?” डॉक्टरांनी जाता जाता विचारलं.

“न्हाई,” आप्पा म्हणाले. “करार माझा हाय.”

डॉक्टर म्हणाले, बरं, दूध नका पिऊ, इंजेक्शन घ्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक कुपी काढली. आत डाळिंबाच्या रसासारखं लाल पाणी. आप्पांनी ती उजेडात धरली आणि मला ठाऊकच होता तो प्रश्न विचारला. “कशाचं करतात?”

“काळजाचं नाही, घाबरू नका. जंतू वाढवून त्यांच्यापासून करतात.”

“जंतू म्हंजे जीवच की.”

“आप्पा, डोळ्यालासुद्धा दिसत नाहीत असे जंतू,” मी मध्ये पडले. “दह्यात पण जंतूच असतात.”

“दही मी खात न्हाई,” आप्पा म्हणाले.

यापुढे मी तासभर डोकं फोडलं असतं तरी उपयोग नव्हता. हवेत जंतू आहेत, पाण्यात आहेत, तुम्ही आत्ता बोलताना शंभरदा गिळले असतील, हे सगळं मी बोलून बघितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुपी टेबलावर ठेवली. मला त्यांचा इतका राग आला की रडू यायला लागलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. तेव्हा मागच्या बाकावर बसलेली अव्वा बोलली.

“लिंगाला दाखवा की.”

आप्पांनी मान वळवली.

“लिंगाला दाखवल्याबिगर तुमी पाण्याचा घोट घेत न्हाई. दाखवलं की ते त्याचं होतं आन् तुमाला मिळतो तो प्रसाद. मग प्रसाद कशाचा हाय, हे इचारणारे तुमी कोण?”

आमच्यात गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत, आणि जे काही खायचं-प्यायचं ते आधी त्याला अर्पण करायचं असतं. आप्पा जन्मभर तेच करत आले होते. त्यांनी गळ्यातली डबी हातात घेतली. मग डॉक्टरांना म्हणाले, “हात धुवायला पाणी मिळंल का?” नांदेडच्या त्या दवाखान्यात, बाहेर खोकणारी माणसं रांगेत बसलेली असताना, त्यांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, समोर ती लाल कुपी धरली, ओठ हलवले. डॉक्टर हात जोडून उभे होते; जोडायचे की नाही हे त्यांचं त्यांना ठरवता आलं नसावं. मग आप्पांनी बाही वर केली. सुई टोचली तेव्हा ते चांगलेच कळवळले. मुखेडचा रस्ता खरंच उत्तम होता.

पुढचं लिहायला सोपं आहे. आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला, प्रत्येक कुपी लिंगाला दाखवून दंडात गेली. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा आप्पांच्या दोन्ही पायांत चपला होत्या. न्हाणीतून ते कुठेही न आपटता बाहेर येत. बोटांच्या टोकांना जरा बधिरपणा राहिला तो राहिलाच. गावानं आपली बातमी चुकली असं कबूल केलं नाही. आप्पांनी दारू सोडली, अशी नवी बातमी आली, आणि माणसं येऊन त्यांचं अभिनंदन करून गेली. आप्पांनी त्यांना चहा पाजला. मठात पुन्हा पुढे बसायला मिळाल्यावर ते म्हणाले, “जाऊ दे. सोडली तर सोडली.”

त्या सुट्टीत मी चिमटा त्यांच्या घोट्यावर टेकवला आणि ते लगेच म्हणाले, “आलं.” मग चिमटा माझ्या हातातून त्यांच्या हातात गेला आणि मला तो परत मिळेना. दुकानात हमाल आला, टेकवला. शेतकरी आला, त्याच्या भेगाळल्या घोट्यावर टेकवला. “काय कळतंय?” “भुंगा कळतोय, आप्पा.” “व्हय, मग लोह्याची गाडी चालू हाय तुझी.” कुणाला त्याचा अर्थ लागत नसे, पण ज्याची गाडी चालू आहे तो खूश होऊन जाई.

एका संध्याकाळी, आप्पा दुकानातून येऊन चटईवर बसले होते आणि अव्वा भिंतीला टेकून ज्वारी पाखडत होती. आप्पांना अजून कुणावर तरी चिमटा चालवायचा होता. म्हणाले, “तू ये गं इकडं.”

“मला काय धाड भरली?”

“अगं बघू तरी.” तेच सरकत तिच्याकडे गेले. चिमटा हातावर आपटला, चांगला घुमला, मला बसल्या जागी ऐकू येत होता. त्यांनी तो तिच्या घोट्यावर टेकवला आणि हसत बघत राहिले. अव्वानं सुपातला एक खडा वेचून टाकला. मग आणखी एक.

“लावा की मग,” ती म्हणाली. “किती येळ धरून बसायलात.”

चिमटा केव्हाचा लावलेला होता.

आप्पांनी तो पुन्हा आपटला आणि दुसऱ्या पायाला लावला, मग गुडघ्याला. मी जवळ गेले. तिला डोळे मिटायला सांगून अंगठा खाली वाकवला. ती म्हणाली वर. मी तिची जीभ बघितली. खरं तर काही बघायची गरजच उरली नव्हती.

“तू दूध कधी सोडलंस?” आप्पांनी विचारलं.

“म्हंजे काय?” अव्वाला प्रश्नच कळेना. “तुमी सोडलं तवाच. तुमच्या ताटात ताक न्हाई आन् मी एकटी वरपत बसू व्हय?”

“बोलली न्हाईस कदी.”

“कुणी इचारलं?”

हे ती रुसून बोलली नव्हती. तिच्या लेखी ती एवढी साधी गोष्ट होती की सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिला कुणी इंगळावर चालवलं नव्हतं, पुढच्या रांगेत उभं केलं नव्हतं. ती भिंत धरून चालायची, सगळं काम खाली बसून करायची, आणि आम्हाला वाटायचं बाईमाणूस असंच करतं. मला भयंकर वाईट वाटलं. आप्पांचं तोंड तर बघवत नव्हतं.

उद्याच्या गाडीनं नांदेडला जायचं, मी म्हणाले. इंजेक्शनं लगेच सुरू करायची. पण दूधही सुरू करायला हवं, जन्मभर सुयांवर राहून चालणार नाही. “आणि अव्वा, तुझा तर देवाशी काही करार नाही.”

“त्यांनी घेतल्याबिगर मी घेणार न्हाई,” ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मृग तोंडावर आला होता. आदल्या वर्षीच्या पावसानं हाल केलेच होते. विहिरी खरवडून झाल्या होत्या आणि आकाशात नाव घ्यायला ढग नव्हता. आप्पा उठले, अंगणात गेले, वर बघत उभे राहिले. त्यांच्या मनात काय हिशेब चालला होता ते मला कळत होतं. स्वतःचे पाय जात होते तेव्हासुद्धा त्यांनी तो गिलास उचलला नव्हता. ते आत आले आणि मला म्हणाले, “शेजारी म्हैस हाय त्यांच्याकडून वाटीभर दूध आण.”

मी आणलं, तापवलं. त्यांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, गिलास त्याला दाखवला. मग डोळे मिटून अर्धा गिलास पिले आणि उरलेला अव्वापुढे सरकवला. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग गिलास दोन्ही हातांनी उचलला, नीट नजर ठेवून, कारण हातालाही तो पुरता कळत नसणार. एक घोट घेतला.

“साखर घालायची इसरलीस,” ती मला म्हणाली, आणि सगळं पिऊन टाकलं.